बबनच्या दुकानातला चिकट्या

पूर्ण पांढरकवड्यात माशांची पारख माह्याएवढी कोणाले नाही. म्हणजे ताटातल्या माशांची. काचेतला मासा शेवाळ खाते, हे बबननं सांगितलं तवा मी त्यालेच येड्यात काढलं होतं. बबनचं कृषी केंद्र, अन् समोरच्या बाकावर रोज मी. किस्से मग काचेवरच्या शेवाळासारखे आपोआप जमतात.

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या सालची गोष्ट. गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून बबननं मन रमवायले माशांची टाकी आणली. काही रंगीत मासे, अन् एक काळा, चपटा. तो काचेले तोंड लावून शेवाळ खात बसे. नाव पडलं चिकट्या.

*

राळेगावकडचा एक कास्तकार टाकीपाशी थबकला. "हे काय करून राह्यलं?"

मी म्हटलं, "नवीन आलं. बोंडअळी खाते."

आता हसंल, मंग हसंल. हसलाच नाही. बबनले विचारते, "एकरी किती सोडा लागतात?"

अन् बबन सवयीनं बोलून गेला, "ओलीत हाय का कोरडवाहू?"

मी बाकावरून पडता पडता वाचलो.

*

एकदा एका कंपनीचा साहेब नव्या फवाऱ्याचं कौतुक सांगत होता. टाकीत चिकट्या तळाशी निपचित. बबनचा चेहरा उतरला. "गेला वाटते," म्हणत त्यानं पाण्यात हात घातला. चिकट्यानं शेपटीचा असा तडाखा दिला का साहेब ओलाचिंब.

साहेब शर्ट पिळत म्हणते, "कोणतं औषध देता हो याले?"

*

मंग काचेवरचं शेवाळ सरलं. चिकट्याचं पोट खपाटीले गेलं. बबनची बायको शोभावहिनी, तिनं उकडलेल्या दोडक्याची चकती पाठवली. बबन म्हणे, "भाजी कायले? शेवाळ खाते ना, तर शेवाळच पिकवू."

अन् टाकीत युरिया टाकला.

दोन-चार दिवसांनी मी आलो तर पाणी हिरवंगार, आतलं काही दिसेना. रंगीत मासे वर उताणे. चिकट्या तेवढा पाण्याबाहेर तोंड काढून हवा गिळत होता. बबन युरियाच्या पोत्यावर बसलेला. दिवसभर टवाळी करणारा मी, पण धावत जाऊन वहिनीले सांगितलं.

वहिनी आली. चिकट्याले बादलीत घेतलं अन् घरी गोठ्यातल्या ढोरांच्या पाण्याच्या टाक्यात सोडलं. टाक्याच्या भिंती शेवाळानं माखलेल्या. वरून रोज दोडका.

*

पोळ्याच्या आधी बबन बादली घेऊन गोठ्यात गेला. दुकानातली टाकी धुतली होती, नवं पाणी भरलं होतं, आता चिकट्या परत पाहिजे. मी सोबत, तमाशा पाहायले. चिकट्या असा फुगलेला का ओळखू येईना.

वहिनी टाक्यासमोर उभी राह्यली. हलेना.

मी म्हटलं, "द्या ना वहिनी. दुकानात त्याची सारी सोय केली हाय."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, यांच्या दुकानाचं खत घेऊनही सुधारलेला अख्ख्या तालुक्यात हा एकटाच हाय. त्याले कायले परत पाठवता?"