तीनशे पंधरा जुड्या

बाई पेपर हातात घेतला की आधी उलटा करायच्या. उत्तरं पुढच्या बाजूला असायची, पण त्यांचं लक्ष मागच्या बाजूकडं. तिथं पोरांनी केलेलं कच्चं काम असायचं: खोडलेले आकडे, मारलेल्या रेघा, बोटाला थुंकी लावून पुसलेलं काहीतरी. ते सगळं वाचून झालं की म्हणायच्या, "उत्तर नंतर सांग. आधी ते कसं आलं ते सांग."

अशी माणसं तुम्ही क्वचितच पाहिली असतील. पेपर तपासणारे पुष्कळ असतात, पेपर वाचणारी मी ही एकच पाहिली.

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगावच्या शिवेवर. नेमकं कोणत्या बाजूला ते सांगत नाही, कारण पुढं ज्या साहेबांविषयी लिहिणार आहे त्यांची पोरं-नातवंडं आता मोठी झाली असतील. मी पालेभाजीचा व्यापारी. डोक्यावर मेथीचे गठ्ठे वाहून सुरुवात केली, मग सायकल, मग टेम्पो, मग बाजारात स्वतःचा ओटा. चौथीत मला गणितात शंभरापैकी अकरा मार्क होते. गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवले आणि 'ढ' म्हणून मागं बसवलं. आज दीडशे शेतकऱ्यांचा माल मी तोंडी मोजतो, पण ते अकरा अजून माझ्या छातीवर बसलेत. उतरत नाहीत.

बाई जवळच्या बाजारपेठेतल्या जैन किराणा दुकानदाराची लेक. घरात चार पिढ्या मराठीच. सगळ्या शिवारात कांदा पिकतो आणि बाई कांद्याला हात लावत नाहीत, म्हणून हळदी-कुंकवाला गेल्या तरी घरोघरी त्यांच्यासाठी वेगळी पातेली चढायची. बायका कुरकुरायच्या आणि वर आग्रहही करायच्या.

त्यांची-माझी पहिली गाठ भांडणातच पडली. माझ्या लेकीला चौथीच्या सहामाहीत गणितात पन्नासपैकी चौदा मिळाले. मी तडक शाळेत.

"बाई, चौदाचे वीस करा."

"चौदाचे चौदाच, भाऊ."

"बरं, अठरा. तुमचं न्हाई, माझं न्हाई."

"भाऊ, ही मेथी न्हाई."

माझा पारा चढला. मी टेबलावर हात आपटला. बाईंनी हलकेच माझा हात उचलून बाजूला ठेवला, त्याखालचा पेपर काढला आणि उलटा केला.

"हे बघा. बावन्नातून अडतीस काढायचेत. वर दोन, खाली आठ. तुमची लेक आठातून दोन काढते. मोठ्यातून लहान काढायचं एवढंच तिला ठाऊक. हे पुढचंही तसंच. हेही तसंच." त्यांनी पेन्सिलीनं एकेका गणितावर टिंब दिलं. "या नऊ चुका न्हाईत. एकच चूक आहे, नऊ वेळा केलेली. चौदा मार्क बघून तुमाला वाटलं पोरीला काही येत न्हाई. तिला सगळं येतं, एक गोष्ट सोडून. ती गोष्ट मी शिकवायची राह्यली. तेव्हा हे कमी पडलेले मार्क तिचे न्हाईत, माझे आहेत."

आठ दिवसांत त्यांनी ती एक गोष्ट शिकवली. पुढच्या चाचणीत पोरीला एकोणचाळीस मिळाले. माझ्या मनात दुसरंच काही घोळत राहिलं. माझ्या त्या अकराच्या मागं कोणती एक चूक होती? तो पेपर त्या वेळी कुणी उलटून पाहिला असता तर? मी एकदा बाईंना तसं विचारलं. त्या म्हणाल्या, "पेपर आणा, सांगते." आता तो कुठून आणू!

गावानं मला ग्रामशिक्षण समितीचा अध्यक्ष केलं ते मी भांडतो म्हणून. तेव्हापासून शाळेत जाणं-येणं वाढलं. बाईंची शिकवायची तऱ्हा काही औरच. एकदा त्यांनी वर्ग खोडदला नेला, तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या डिश दाखवायला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, डिशची रुंदी पंचेचाळीस मीटर. पोरांनी माना डोलावल्या. बाईंनी परत येताच गावातल्या म्हाताऱ्यांकडून नऊवारी लुगडी मागवली आणि मैदानावर एकापुढं एक अंथरली. साडेपाच लुगडी लागली. पोरं त्या साडेपाच लुगड्यांभोवती धावून धावून दमली. लुगड्यांना माती लागली म्हणून माझ्या चुलतीनं महिनाभर बाईंना नावं ठेवली, पण आजही तिला विचारा, "डिश केवढी?" लगेच सांगेल, "साडेपाच लुगड्यांची, त्यातलं एक माझं."

आता मूळ गोष्टीकडं येतो.

त्या काळात शाळांना श्रेणी लावायची टूम निघाली होती. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांच्या, सगळ्या शाळांची एकच चाचणी, एकच पेपर, आणि आकड्यांवरून शाळा अ, ब, क किंवा ड. चाचणीच्या दिवशी कुठं काय चालायचं ते सगळ्यांना माहीत होतं. फळ्यावर उत्तरं लिहायची, पोरांनी ती उतरवायची, शाळा अ. आमच्या बाई त्या दिवशी फळा पुसून खुर्ची दाराशी घेऊन बसायच्या. शाळा कधी ब, कधी क.

त्याच वर्षी, म्हणजे लेक चौथीत असतानाच, चौथीच्या पेपरात एक प्रश्न होता: एका शेतकऱ्याला मेथीचे तीन शेकडे बाजारात विकायचे आहेत, तर त्याला किती जुड्या बांधाव्या लागतील?

आमच्या वर्गातल्या बावीसच्या बावीस पोरांनी लिहिलं, तीनशे पंधरा.

पेपर दुसऱ्या गावच्या मास्तरांनी तपासले. बावीस जणांचं उत्तर चुकीचं, आणि चुकीचंही अगदी एकसारखं! त्यांनी लाल शाईनं शेरा मारला: सामूहिक कॉपी. चौकशी लागली. गावात बोंब झाली. शाळेच्या वाटेवर शेजारच्या गावची पोरं आमच्या पोरांना 'कॉपीवाले' म्हणून ओरडायला लागली. माझी लेक दोन दिवस शाळेत गेली नाही.

बाई आणि मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. शिक्षण खात्याचे साहेब खुर्चीत, समोर पेपरांचे गठ्ठे. बाईंनी आमचा गठ्ठा मागून घेतला आणि एकेक पेपर टेबलावर उलटा मांडत गेल्या.

"साहेब, हिनं एकशे पाच तीनदा लिहून बेरीज केलीय. ह्यानं तीनशे करून वर पंधरा घेतलेत. ह्या पोरीनं पाच-पाच रेघांच्या जुड्या काढल्यात, मोजा हव्या तर. कॉपी केली असती तर रीतही सारखीच असती ना? आता दुसऱ्या शाळांचे पेपर उलटून बघा. मागची बाजू कोरी असेल. कच्चं काम न करता उत्तर कुठून आलं, ते त्यांना विचारा."

साहेबांनी दुसरा गठ्ठा उलटला नाही. चष्मा पुसत म्हणाले, "पण एकशे पाच कशाला? शेकडा म्हणजे शंभर."

"बाजारात एकशे पाच घेतात," बाई म्हणाल्या. "ही पोरं रोज आयांसंगं जुड्या बांधतात. शेकड्याला एकशे पाच बांधल्या न्हाईत तर माल परत येतो."

साहेब माझ्याकडं वळले. "अध्यक्ष, तुम्ही तर व्यापारी. शेकड्याला किती घेता?"

ही पाचची रीत तुम्हाला सांगायला हवी. वाटेत एखादी जुडी सुटते, एखादी पिवळी पडते, म्हणून व्यापारी शंभरावर पाच फुकट घेतो. पूर्वापार चालत आलेलं. पण बाजाराच्या फाटकावर पाटी होती, शंभराला शंभरच घ्यावेत. पाटी पाटीच्या जागी, रीत रीतीच्या जागी. आणि साहेबांच्या बाजूला त्या वेळी बाजार समितीचा एक माणूस दुसऱ्याच कामासाठी बसला होता, कान टवकारून.

मी म्हणालो, "शंभर." कारकुनानं ते लिहून घेतलं.

बाईंनी माझ्याकडं एकदाच पाहिलं. मग पेपर गोळा करायला लागल्या.

मला वाटलं, हरकत नाही, सौदा करून टाकू. बाईंना बाहेर बसवलं आणि साहेबांशी घासाघीस केली. ते चौकशीवर अडून होते. मी त्यांना चौकशीवरून नोटिशीवर आणलं, नोटिशीवरून नुसत्या समजेवर. बाईंनी एका ओळीवर सही करायची, 'माझ्या देखरेखीत ढिलाई झाली.' बस. नोकरीला धक्का नाही, बदली नाही. एवढा चोख सौदा मी बाजारातही क्वचित केला असेल. बाहेर येऊन सांगितलं तेव्हा मी चक्क खुशीत होतो.

"मी सही करणार न्हाई," बाई म्हणाल्या.

"बाई, एक ओळ हाय! तुमचं नुकसान वाचवलं मी!"

"माझं वाचवलं आणि पोरांच्या माथी मारलं. ढिलाई झाली असं मी लिहिलं, म्हणजे पोरांनी कॉपी केली हे ठरलं. त्यांनी केली न्हाई." मग आवाज न चढवता म्हणाल्या, "त्या बावीसात तुमची लेकही आहे. घरी जाऊन तिला सांगा, शेकडा कितीचा."

एसटीत मी त्यांच्यापासून लांब, मागच्या बाकावर बसलो. राग, राग नुसता. वाण्याची लेक असून व्यवहार कळत नाही म्हणून मनातल्या मनात शिव्या घातल्या. घरी आलो तर अंगणात बायको आणि पोरगी मेथी बांधत बसलेल्या. आमचीही तीस गुंठे आहे. पोरगी जुड्या मोजून रचत होती. शंभर झाल्या, मग तिनं आणखी पाच उचलल्या आणि वर ठेवल्या.

"आबा, साहेब काय म्हणलं?" तिनं विचारलं.

मला तिच्याकडं बघवेना.

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आधी मी दारात उभा. स्वतःच्या हातानं लिहिलं: 'आमच्या बाजारात मेथीचा शेकडा एकशे पाच जुड्यांचा घेतात. मी स्वतः घेतो. काल साहेबांसमोर शंभर म्हणालो ते खोटं बोललो. पोरांचं उत्तर बरोबर आहे.' खाली सही. कारकून कागद घेईना. म्हणाला, "असलं काय घेता येत न्हाई, आबा."

"का घेता येत न्हाई? खोटं बोललो तवा लगीच लिहून घेतलंत. आता खरं बोलतोय तर शाई संपली व्हय? पोच दे, त्याबिगर हितनं हलणार न्हाई."

दुपारी अडीचला शिक्का मारलेली पोच मिळाली.

त्यानं काय झालं? ऐका. चौकशी गुंडाळली गेली. लाल शेरा खोडला गेला. पण त्या प्रश्नाचे मार्क पोरांना कुणी दिले नाहीत. पुस्तकात शेकडा शंभराचा, म्हणून शून्य ते शून्यच. शाळा ड श्रेणीत, केंद्रात शेवटची. बाजारात माझ्याशी बोलणं बंद झालं. पाच जुड्या घेणं मी त्याच दिवशी सोडलं असं सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवू नका. मला दोन हंगाम लागले.

आणि जूनमध्ये बाईंची बदली झाली. 'प्रशासकीय कारणास्तव', पश्चिमेच्या डोंगराळ पट्ट्यात, जिथं भात पिकतो आणि एसटी दिवसातून एकदा जाते. मी भांडायला निघालो तेव्हा त्यांनीच अडवलं. "तिथंही पोरं आहेत, भाऊ," एवढंच म्हणाल्या. ट्रंक टपावर चढवली, पेपरांची पिशवी मात्र मांडीवर घेतली. गाडी वळेपर्यंत मी स्टँडवर उभा होतो. मी भांडून मिळवलं नाही असं माझ्या आयुष्यात थोडं आहे. त्यातली ही एक गोष्ट. तिचा राग मी कमी होऊ दिलेला नाही, देणारही नाही.

पुढच्या वर्षी नवे गुरुजी आले आणि आमची शाळा ड वरून थेट अ झाली. एका वर्षात! मंडप घातला. तेच साहेब पाहुणे म्हणून आले. शाल, नारळ, माईक, सगळं होतं. गुरुजींच्या खांद्यावर शाल घालायचा मान अध्यक्षाचा, म्हणजे माझा. शाल हातात घेतली आणि डोळ्यांसमोर बाई आल्या. खांदे ते नव्हते. मी शाल टेबलावर ठेवली आणि माईक उचलला.

"पोरांनो," मी म्हणालो, "मेथीचे तीन शेकडे बाजारात विकायचेत. जुड्या किती बांधाल?"

"तीनशेऽऽ!" चौथीचा अख्खा वर्ग एका सुरात ओरडला. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी हात जोडले.

मागं बायका बसल्या होत्या. बाजाराचा दिवस, पहाटेपासून जुड्या बांधून आलेल्या. त्यातली एक मोठ्यानं म्हणाली, "आन् वरच्या पंधरा कोण बांधंल, तुमचा मास्तर?"

मंडपात हशा उसळला. साहेबही हसले, कशाला ते न कळता. शेजारचा सदस्य माझा सदरा ओढत कुजबुजला, "राव, बसा आता खाली." मी बसलो नाही.

"ताई," मी माईकवरून म्हणालो, "उभं राहून बोला. साहेबांना ऐकू गेलं न्हाई."

हसणं थांबलं. तिनं पदर खोचला आणि उभी राहिली. मग तिच्या शेजारची उभी राहिली. मग मागची पूर्ण ओळ.