तिसरी ओळ

आमच्या शाळेच्या अंगणात पानं गळायला लागली, की ऑफिसात पिवळी कार्डं यायला लागतात. या दिवसांत घरोघर एक पत्रक जातं. वरच्या अर्ध्या भागात कार्यक्रम असतात: पानं गोळा करायची सहल, वर्गाचा फोटो, तळ्याभोवतीची धावण्याची शर्यत, पालकांची भेट. खालच्या अर्ध्यात एकच वाक्य असतं, "घरी काही बदल झाला असल्यास कळवावे." बदल म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक असतं. कोणी घर बदललं, कोणाची नोकरी गेली, कोणाचे आजोबा वारले, कोणाचे आईबाप वेगळे झाले. वरचा भाग मुलं वाचतात, खालचा आया वाचतात. अख्खं पत्रक वाचणारा मी एकटाच. मी चित्रकलेचा मास्तर, त्यामुळे त्याच्या कडेने नक्षी काढायचं फुकटचं काम दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतं.

पत्रकाबरोबर पिवळं कार्ड जातं. मुलाला काही झालं तर कोणाला बोलवायचं, त्याच्या तीन ओळी. तळाशी ठळक अक्षरात: या तिघांखेरीज कोणाच्याही ताब्यात मूल दिले जाणार नाही. ही पद्धत आमच्या ऑफिसातल्या कारकून बाईंनी सुरू केली, म्हणून सगळी शाळा त्यांना कार्डबाई म्हणते. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण त्यांना ते ठाऊक आहे, आणि माझ्या मते आवडतंही.

त्या नोकरीला लागल्या त्याच वर्षी एक माणूस 'मी मामा' म्हणून एका मुलाला शाळेतून घेऊन गेला होता. मामा कसला आणि काय. मूल दोन दिवसांनी बस-स्टँडवर सापडलं, धडधाकट सापडलं, पण तेव्हाच्या मुख्य कारकुनाची नोकरी गेली आणि त्याची खुर्ची बाईंना मिळाली. खुर्चीबरोबर ती भीतीही मिळाली असावी. तेव्हापासून सव्वीस वर्षं कार्ड म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. डबासुद्धा त्या मांडीवर घेऊन खात, एक डोळा फाटकावर ठेवून.

एकदा एका मुलाचे आजोबा आले होते, पोलिसातले मोठे अधिकारी, गणवेशात.

"कार्डावर तुमचं नाव नाही," बाई म्हणाल्या.

"अहो, मी याचा आजोबा आहे."

"असाल ना. मी कुठे नाही म्हणतेय?"

सून येईपर्यंत साहेब पाऊण तास बाकावर बसून राहिले, टोपी गुडघ्यावर ठेवून. आम्ही मास्तर मंडळी खिडकीआडून बघत होतो आणि पोट धरून हसत होतो. आता तो प्रसंग आठवला, की हसू येत नाही.

बाईंचा नवरा लवकर गेला. एकच मुलगी. ती बिस्किटांच्या कारखान्यात पाकिटं बांधायच्या खात्यात होती. तिची मुलगी आमच्याच शाळेत सहावीला. पेन्सिली कुरतडायची म्हणून बाई नातीला खारूताई म्हणायच्या, आणि मग आम्हीही खारू म्हणायला लागलो. पण 'आपला तो बाब्या' हा प्रकार बाईंकडे नव्हता. खारूला उशीर झाला, तर उशिराच्या वहीत तिचंही नाव लाल पेन्सिलीने चढायचं. खारूच्या कार्डावर पहिली ओळ आईची, दुसरी बाबांची, तिसरी आजीची. आजी बसायची फाटकापासून वीस पावलांवर, तरीही स्वतःचा पत्ता आणि फोन नंबर नीट लिहून.

गेल्या वर्षी सुट्टी लागायच्या थोडं आधी बाईंची मुलगी भर दुपारी ऑफिसात आली. मी तिथेच कोपऱ्यात प्रदर्शनासाठी पुठ्ठे कापत होतो. ती आणि तिचा नवरा वेगळे झाले होते, आणि ती खारूला घेऊन आईकडे राहायला आली होती.

"आई, त्याच्या मनात काहीतरी आहे," ती म्हणाली. "तो आला तर खारूला देऊ नकोस."

बाईंनी खणातून कोरं कार्ड काढून तिच्यापुढे सरकवलं. "त्याचं नाव काढून नवीन भरून दे."

"अगं, मी तुला सांगतेय ना! कामावरून पळत आलेय मी. तू आईस माझी."

"घरी आई. इथे लेखी लागतं."

मुलगी कार्ड पिशवीत कोंबून निघून गेली. मी पुठ्ठा कापत राहिलो. मायलेकींच्या भांडणात आपण कशाला पडा, असा शहाणपणाचा विचार मी केला.

चौथ्या दिवशी जावई आला. हसतमुख, हातात खारूसाठी नवा स्वेटर. बाईंनी कार्डांच्या डब्यातून खारूचं कार्ड काढलं. दुसऱ्या ओळीवर त्याचं नाव होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मी कोपऱ्यातून बघत होतो. पण त्यांनी वही पुढे केली, सही घेतली, आणि खारूला बोलावणं पाठवलं. तो तिला घेऊन दुसऱ्या गावी त्याच्या आईकडे गेला आणि त्याने फोन बंद करून टाकला.

नऊ दिवस. त्या नऊ दिवसांत बाईंची मुलगी अर्धी झाली. दहाव्या दिवशी पोलीस मध्ये पडल्यावर खारू परत आली, आणि तिच्या दप्तरात पिवळं कार्ड निघालं. खारूच्या आईने ते त्याच रात्री भरलं होतं, आणि स्वतः आजीशी अबोला धरलेला असल्यामुळे ऑफिसात द्यायला खारूकडे दिलं होतं. पोरगी विसरली. बाईंनी नात बापाच्या हवाली केली तेव्हा बापाचं नाव काढलेलं कार्ड तिच्या पाठीवरच होतं.

मुलगी ते कार्ड घेऊन ऑफिसात आली आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं. "घे. लेखी," एवढंच म्हणाली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात तिने दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि खारूला घेऊन आईच्या घरातून गेली.

त्यानंतर बाई नातीला बघायच्या त्या ऑफिसच्या काचेतून. खारू जाता-येता हात हलवायची, पण आत यायची नाही. बाईंनी कधी बोलावलं नाही. मला एकदा म्हणाल्या, "सर, उंची वाढलीय हो तिची. बाही आखूड पडतेय." मी हो म्हटलं.

आणि मग या वर्षीची पानगळ आली. कार्डं यायला लागली. एके दिवशी बाई एक कार्ड हातात धरून कितीतरी वेळ बसल्या होत्या. खारूचं होतं. पहिली ओळ आई, दुसरी शेजारची शिवणकाम करणारी काकू, तिसरी कोरी.

"तिसरी ओळ रिकामी चालत नाही," बाई म्हणाल्या. "अपूर्ण कार्ड परत पाठवायचं असतं."

"बाई, राहू द्या."

"सगळ्यांचं परत पाठवते मी."

लाल पेन्सिलीने त्यांनी लिहिलं, 'तिसरी ओळ भरावी.' नियमाच्या आडून त्या काय मागत होत्या, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. दुसऱ्या दिवशी कार्ड परत आलं. तिसऱ्या ओळीवर लेकीच्या अक्षरात दोनच शब्द होते: 'गरज नाही.' बाईंनी ते रजिस्टरात जसंच्या तसं उतरवून घेतलं आणि कार्ड डब्यात ठेवून दिलं. त्या दिवशी जेवणाचा डबा मात्र त्यांनी उघडला नाही.

पुढच्या आठवड्यात तळ्याभोवतीची शर्यत होती. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, वाट ओल्या पानांनी निसरडी झालेली. शर्यत पुढे ढकला असं मी म्हणालो होतो, पण चित्रकलेच्या मास्तराचं ऐकतो कोण. वळणावर झेंडा घेऊन मलाच उभं केलं. खारू माझ्यासमोरच घसरली. हात अंगाखाली आला, आणि उठली तेव्हा मनगट भलतीकडेच वळलेलं होतं.

तिला ऑफिसच्या शेजारच्या खोलीत आणून निजवलं. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, परगावी बैठकीला गेलेल्या, त्यांचा फोन बंद. ॲम्ब्युलन्सवाले म्हणाले तासभर लागेल. कार्डबाईंनी कार्ड काढलं. पहिली ओळ: कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, फाटकावरचा माणूस म्हणाला, निरोप देतो. दुसरी ओळ: घंटा वाजत राहिली, कोणी उचलेना. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, बोटांचा रंग बघा. बोटं निळसर पडायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, मग थांबू नका.

"बाई, माझी गाडी आहे. चला."

"कार्डावर—"

"अहो, खड्ड्यात गेलं ते कार्ड! आजी आहात तुम्ही तिच्या. नियम माणसांसाठी असतो, माणूस नियमासाठी नसतो."

बाई दारात उभ्या होत्या. खारूने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. ओठ पांढरे पडलेले.

"आजी," ती म्हणाली, "या वेळी मी कार्ड पहिल्याच दिवशी दिलं होतं."

बाईंनी खुंटीवरची शाल ओढली, खारूला तिच्यात गुंडाळलं, आणि फाटकावरच्या वहीत सही केली. 'विद्यार्थ्याशी नाते' या रकान्यात त्यांनी 'आजी' असं लिहिलं. गाडीत वाटभर खारूचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. त्या तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होत्या आणि "झालं गं, आलंच," म्हणत होत्या. लेक घर सोडून गेल्यापासून मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता.

दवाखान्यात हाड बसवलं, प्लास्टर घातलं. थोडा उशीर झाला असता तर हाताचं काही खरं नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. तासाभराने बाईंची मुलगी धापा टाकत आली, डोक्याला कारखान्याची टोपी तशीच. आधी लेकीला कुशीत घेतलं. मग डॉक्टरांचं सगळं ऐकून घेतलं. मग बाहेर बाकावर बसलेल्या आईसमोर येऊन उभी राहिली. मला मनातून वाटलं, आता मिटलं. मी मूर्खासारखा थोडा बाजूलाही सरकलो, दोघींना जागा द्यायला.

"कार्डावर तुझं नाव नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"मोठ्या बाईंना विचारलंस?"

"त्यांचा फोन लागत नव्हता."

"मग आणलंस कसं?"

"बोटं निळी पडली होती गं तिची."

मुलीने मान हलवली. "बरं केलंस. तिचा हात वाचला." रागाचा लवलेश नव्हता चेहऱ्यावर, नुसता थकवा. "म्हणजे तुला नियम सोडता येतो, आई. मला वाटायचं, तुला जमतच नाही. म्हणून मी तुला मनातल्या मनात माफ करत आणलं होतं."

एवढं बोलून ती आत लेकीकडे गेली. दार तिने हळूच लावून घेतलं.

परत येताना बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या, घडी केलेली शाल मांडीवर. शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवली. अंगणात शिपाई पानांचा ढीग करत होता. बाई उतरायला लागल्या, आणि दाराला हात घालून थांबल्या.

"सर, नियम माणसांसाठी असतो म्हणालात ना मघाशी?"

"हो बाई."

"त्या दिवशी माझी पोरगी माझ्यापुढे विनवत उभी होती, तेव्हाही तुम्ही तिथेच होतात. जावई आला तेव्हाही. पुठ्ठे कापत होतात." त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं, त्या खरंच विचारत होत्या. "तेव्हा का नाही म्हणालात हो तसं?"

मी स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. उत्तराची त्यांनी वाट बघितली, चांगली वाट बघितली, आणि मग ऑफिस उघडायला निघून गेल्या.