सख्ख्या पिंपांतला फरक

स्कॉटलंडमधल्या चार महिन्यांच्या कामावरून परतताना मी बॅगेत दोन बाटल्या आणल्या, लोकरी मोज्यांत गुंडाळून. २००७ साल असेल. दोन्ही सिंगल माल्ट व्हिस्कीच्या, एकाच भट्टीच्या, एकाच दिवशी गाळलेल्या, शेजारशेजारच्या दोन लाकडी पिंपांत तेवढीच वर्षं मुरलेल्या. लेबलांवर पिंपांचे लागोपाठचे आकडे होते. दुकानातली म्हातारी बाई म्हणाली होती, "सख्ख्या बहिणी आहेत, पण स्वभाव वेगळे. शेजारी ठेवून घे, कळेल."

मी पुण्याजवळ मारुंजीला राहत होतो. एका शेतकरी कुटुंबाने घरावर मजला चढवून भाड्याच्या खोल्या काढल्या होत्या, त्यातल्या एकीत मी आणि ऑफिसातला लातूरचा मित्र. पहिल्या रविवारी दुपारी मी दोन सारखे पेले मांडले, वही उघडली, थोडी थोडी ओतली. दोन्हींना धुराचा वास. तो यायचाच, कारण तिकडे पीट म्हणजे दलदलीतली वाळवलेली माती जाळून तिच्या धुरावर बार्ली सुकवतात. पण त्या धुराआड काय होतं? डावा पेला, उजवा, पुन्हा डावा. वहीत लिहिलं 'धूर', आणि त्याखाली 'धूर'.

मित्राने दोन घोटांत दोन्ही पेले संपवले.

"सारख्याच आहेत. जखमेवर लावायच्या औषधासारख्या. सोडा आण."

"सोडा घालायचा नाही."

"परीक्षा आहे का?"

त्याला नव्हती, मला होती. ऑफिसात सगळ्यांना हा फरक मी आधीच समजावून सांगून बसलो होतो.

पुढच्या रविवारी सकाळी चहासुद्धा न घेता बसलो. पेला नाकाशी नेला आणि खिडकीतून धूर आत आला. खाली घरमालकांनी अंघोळीचा बंब पेटवला होता. मी तणतणत खाली गेलो.

"काका, तेवढा बंब जरा वेळ विझवता का? मला वास घ्यायचाय."

"कशाचा?"

सांगावं लागलं. काका माळकरी, दारूला शिवत नसत. रागावतील असं वाटलं, पण ते जिना चढून वर आले. पेल्याला हात न लावता, हात मागे बांधून वाकले.

"ह्यो राब भाजल्याचा धूर," ते म्हणाले. भाताचं रोप टाकण्याआधी शेण-पाला पसरून वाफा जाळतात, तो राब. दुसऱ्या पेल्यावर ते जरा जास्त रेंगाळले. "ह्यो बी राबाचाच, पर भिजल्याला. राब पेटलाय आन वळीव आलाय, तसा. लई फरक हाय. तुमाला येत न्हाई व्हय?"

"नाही."

"हुंगा की नीट."

नीट हुंगलं. काही नाही. त्यांच्यावर राग यायचं कारण नव्हतं, तरी आला. खाली जाऊन त्यांनी खरोखरच बंबावर पाणी मारलं, त्याने मी आणखीच चरफडलो.

मग दर रविवारी तेच. कधी चमचाभर पाणी घालून, कधी पेल्यावर तळहात झाकून. दिवाळीच्या आधीच्या रविवारी उजव्या पेल्यात क्षणभर काहीतरी ओलसर जाणवलं. पुन्हा नाक नेलं तर गेलेलं. आता ताज्या नाकाने, गावाहून आल्यावर, असं ठरवून मी घरी गेलो.

परतलो तर फळीवर एकच बाटली होती, जवळपास गळ्यापर्यंत भरलेली.

"दोन्ही अर्ध्याच्या खाली आल्या होत्या," मित्र म्हणाला. "उगाच जागा अडवत होत्या, म्हणून एकीत ओतल्या. लेबलावरची तारीख बघून घेतली हां मी. एकच होती."

मी ओरडलो. तो गांगरला.

"दुसऱ्या मागवू की."

"मिळत नाहीत! एका पिंपाच्या ठरावीक बाटल्या निघतात. संपल्या की संपल्या."

"मग आधी सांगायचंस ना."

महिनाभर मी दुसरं काही बोललोच नव्हतो. पुढचे दोन दिवस त्याच्याशी काहीच बोललो नाही.

ती मिसळ आम्ही नाताळपर्यंत संपवली. चवीला चांगली होती, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.