वटारहून दयाराम बोलतोय

सरकारी वाहिनीच्या थेट कार्यक्रमात फोन करणारी माणसं मोठी मजेची असतात. आधी चारदा "हॅलो" म्हणतात, मग कार्यक्रमाची तारीफ करतात, मग नेमका प्रश्नच विसरतात. मागे त्यांच्या घरातला टीव्ही इतका ठणाणत असतो की निवेदिका शेवटी काकुळतीला येऊन म्हणते, "कृपया टीव्हीचा आवाज कमी करा." वटारच्या दयाराम चुरींना हे कधी कुणाला सांगावं लागलं नाही. फोन लागला की ते थेट वाडीतल्या विहिरीपाशी जात, घरातला टीव्ही तिथवर ऐकू यायचा नाही. "नमस्कार, वसईतल्या वटारहून दयाराम बोलतोय," म्हणत, दोन वाक्यांत प्रश्न विचारत आणि उत्तर निमूट ऐकून घेत. असा माणूस वाहिनीवाल्यांनी डोक्यावर घेतला यात नवल ते काय!

सुरुवात स्वतःच्या केळीवरच्या रोगाने झाली होती. शेतीच्या कार्यक्रमात त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि वाहिनीचे थेट कार्यक्रम सांभाळणाऱ्या उन्नती सामंत यांनी त्यांचा नंबर ठेवून घेतला. तेव्हापासून कुठल्याही कार्यक्रमाला फोन आले नाहीत की उन्नतीताई त्यांनाच गाठत. "काका, लाइनी थंड आहेत. एखादा प्रश्न आहे का तुमच्याकडे?"

काकांकडे प्रश्नांचा दुष्काळ कधीच नव्हता. सकाळी बाजारात जाणाऱ्या टेम्पोत फुलं चढवायला माणसं जमत, तिथे ज्याला त्याला काही ना काही पडलेलं असायचं. कुणाची शेळी चारा सोडायची, कुणाच्या पोराला परीक्षेच्या आदल्या दिवशी ताप भरायचा. पाचूबंदरच्या कार्मिनचे हात मासळी साफ करून सोलून निघायचे. टीव्हीवर बोलायची सगळ्यांना लाज. मग दयाराम त्यांच्या वतीने विचारत, नाव न घेता: "माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत…" कार्मिनला त्या उत्तरातून मलम मिळालं, तेव्हा तिने बोंबलांची जुडी आणून दिली. श्रावण पाळत असूनही दयारामांनी ती परत केली नाही.

आणि या सगळ्याची परीक्षक घरातच होती. त्यांची बायको प्रेमलता कागड्याच्या पांढऱ्या कळ्यांचे गजरे ओवत टीव्हीसमोर बसायची आणि दयाराम विहिरीवरून परतले की निकाल द्यायची. "आज 'म्हंजे' लय वेळा बोललात." नाहीतर, "डाक्टरचं काय समजलं नाय, तुमी परत इचारायला पायजे होतं." तिने मान डोलावली तरच दयारामांना जेवण गोड लागायचं.

गेल्या पावसाळ्यानंतर हा निकाल यायचा थांबला. आधी ती म्हणाली, "आज फोन केलाच नाय का?" फोन तर नुकताच झाला होता. मग तिने दयारामांना मुलाच्या नावाने, मितेश म्हणून हाक मारली. मग एका सकाळी ती हातात सुई-दोरा घेऊन कळ्यांच्या टोपलीपुढे नुसती बसून राहिली, पुढे काय करायचं ते तिला आठवेना. वालीवच्या कारखान्यात कामाला असलेला मितेश म्हणाला, "बाबा, आईला दाखवू या." दयाराम त्याच्यावर खेकसले, "वय झालंय तिचं, दुसरं काय!" खरं तर डॉक्टर काय बोलतील याचीच त्यांना भीती होती. अख्ख्या गावाचे प्रश्न बिनदिक्कत विचारणारा हा माणूस स्वतःच्या घरातल्या प्रश्नाला पाठ दाखवून बसला होता.

अशातच एका संध्याकाळी उन्नतीताईंचा फोन आला. "काका, आज विषय आहे उतारवयातला विसरभोळेपणा. एकही फोन नाही. आहे का कुणाचं काही?"

दयारामांनी अंगणातून घरात पाहिलं. आत प्रेमलता टीव्हीसमोर बसलेली दिसत होती. विचारलं तर ती ऐकणार. न विचारलं तर घशातला हा काटा तसाच राहणार.

"आहे," ते म्हणाले, आणि विहिरीकडे चालू लागले.

चालता चालता त्यांनी शक्कल लढवली. फोन लागल्यावर ते म्हणाले, "वटारहून दयाराम बोलतोय. पाचूबंदरला माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत. सुकी मासळी विकतात. त्या हल्ली फार विसरतात."

"नेमकं काय विसरतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"काय सांगू, डॉक्टर! गजरा ओवता ओवता मधेच थांबतात. सुई हातात, आणि पुढे काय ते कळत नाही. मला मुलाच्या नावाने हाक मारतात…"

'मला' हा शब्द तोंडातून गेला आणि दयारामांनी जीभ चावली. मासळीवाल्या बाईंच्या हातात गजरा आपणच दिला, हेही तेव्हाच लक्षात आलं. डॉक्टर भले होते. त्यांनी उकरून काढलं नाही. म्हणाले, "आधी त्यांच्याशी मोकळेपणी बोला. मग तपासणी करा. काही कारणं साधी असतात, औषधाने उतार पडतो. नसली, तरी लवकर कळलेलं बरं."

दयाराम घरात आले ते चोरासारखे. प्रेमलताची टोपली मांडीवर होती.

"पाचूबंदरची बाई गजरा कवापासून ओवाय लागली?" तिने विचारलं.

ते तिच्या शेजारी बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी लपवलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "तुमच्या आधीपासून ठावं हाय. तुमी घाबराल म्हनून बोलली नाय."

"मी पन त्याच भीतीने नाय बोललो गे."

"अख्ख्या गावाचं इचारलंत. माझ्या वक्ताला मला मासळीवाली केलंत!" ती हसली, मग रडली, मग पदराने त्यांचेच डोळे पुसू लागली. "जाऊ डाक्टरकडे. पन आता दुसरीच्या नावावर नका घालू. इतकी वर्सं टीवीवर तुमचं नाव ऐकते, माझं एकदाबी नाय आलं. मी इसरायच्या आधी येऊ द्या."

मितेशने दोघांना तपासणीला नेलं. निकाल सगळा वाईट नव्हता, सगळा चांगलाही नव्हता. काही औषधाने सुधारेल, काही सांभाळून घ्यावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

त्याच विषयाचा पुढचा भाग लागला, तेव्हा दयारामांनी उन्नतीताईंच्या फोनची वाट पाहिली नाही. त्यांनी स्वतःच फोन लावला. विहिरीवर मात्र गेले नाहीत. प्रेमलताच्या शेजारी, टीव्हीसमोर, तिचा हात हातात घेऊन बसले.

"नमस्कार, वटारहून दयाराम चुरी बोलतोय. माझ्या बायकोला, प्रेमलताला, विसरायला होतं. तिच्याबद्दल विचारायचं आहे."

टीव्हीतून त्यांचाच आवाज मागाहून घुमत आला, "प्रेमलताला…" फोनमध्ये नुसता कल्लोळ झाला.

"दयाराम काका," निवेदिका म्हणाली, "तुम्हाला कधी सांगावं लागत नाही, पण टीव्हीचा आवाज जरा कमी करता का?"

दयारामांनी शेजारी पाहिलं. प्रेमलता पुढे वाकून ऐकत होती.

"आज नको, ताई," ते म्हणाले. "तिच्या नावापुरता राहू दे."