चंद्राबाईनं खरं मानलेलं वारं

पाटणच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथं चंद्राबाईइतकी खट बाई दुसरी नव्हती. जत्रेत कुणाच्या अंगात वारं आलं की ही पुढं व्हायची, डोळ्यांत बघायची, दंडाला चिमटा घ्यायची आणि निकाल द्यायची. सरपंचाच्या मेव्हण्याला तिनं भर देवळात सुनावलं होतं, "ऊठ रं, तुझा देव बाटलीतला हाय." मेव्हणा अजून जत्रेला फिरकत नाही. निम्म्या गावाचं सोंग तिनं उतरवलेलं, म्हणून तिचा शब्द शेवटचा.

गेल्या चैत्रात तिचा नातू वीरधवल मित्राला घेऊन पुण्याहून जत्रेला आला. इंजिनिअरिंगचा पोरगा, देवाची टिंगल करणारा. भर दुपारी हलगी कडाडली आणि हा घुमायला लागला. घामानं निथळत होता. डोळ्यांतल्या बाहुल्या पसरून डोळे काळेभोर झालेले. चंद्राबाईनं चिमटा घेतला, त्याला कळलाच नाही. बाहुल्या काही सोंगानं पसरत नाहीत.

"खरं हाय," ती म्हणाली. जन्मभर ज्याची वाट बघितली, ते तिच्याच घरात आलं होतं.

मग सगळं रीतीप्रमाणं. अंगावर घोंगडं, पुढ्यात हलगी, आणि देव उतरेपर्यंत पाणी नाही. पोरगं पाणी मागत होतं. त्याची आई, चंद्राबाईची सून संयोगिता, तांब्या घेऊन आली.

"आत्याबाई, अंग लय भाजतंय वं त्याचं."

"मागं सर. देव आपली पारख करतोय."

झटके आले तेव्हा त्याला जीपमध्ये घातलं. कराडच्या डॉक्टरांनी खडसावल्यावर मित्र बोलला. दोघांनी नशेसाठी एलएसडी म्हणून कागदाचा तुकडा मागवला होता, तो वीरधवलनं जिभेवर ठेवला. निघालं दुसरंच, त्याहून जहाल, प्रयोगशाळेत घडवलेलं.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं. ते पेशीच्या दाराशी येतं, कडी वाजवतं, जातं. हे त्याच दारात पाय घालून बसतं. म्हणून भास होतात, शिरा आवळतात, अंग पेटतं."

आणि पेटलेल्या अंगावर आम्ही घोंगडं घातलेलं. हलगीला ठेका धरणाऱ्यांत मीही होतो. मूत्रपिंडं बंद पडली. पोरगं घरी आलं नाही.

संयोगिता सासूशी बोलत नाही. परवा माझ्याच्यानं राहवलं नाही, मी विचारलं, "चंद्राक्का, आता कुणाच्या अंगात आलं तर गं?"

"आधी पाणी पाजीन," ती म्हणाली. "खरा देव आसला तर रागवंल. रागवू दे."