साडीची लांबी

भाटघर धरणाच्या पाण्याकाठी आम्ही बायकांचं निसर्ग शिबिर घेतलं होतं. उत्रोलीहून आलेली एक पन्नाशीची बाई पक्षी, झाडं, तंबू, कशातच रमली नाही. ती पाण्याकडे पाठ करून बसायची आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची.

दुपारी मी हातात दोर घेऊन बुडणाऱ्याला कसं वाचवायचं ते शिकवलं. "उडी मारू नका. दोर नसेल तर अंगावरची साडी सोडा आणि तिचं टोक फेका."

बायका तोंडाला पदर लावून हसल्या. ती मात्र उठून माझ्याजवळ आली.

"साडी किती लांब जाती, ताई?"

"त्या खडकापर्यंत तरी जाईल."

तिने खडकाकडे बघितलं. "माझी जाऊ त्याच्या अलीकडंच हुती. गोधड्या धुताना पाय घसरला तिचा. म्या काठावर नुसती वरडत ऱ्हायले."

"तुम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं ना," मी म्हणाले.

"साडी सोडायचं मनात आलं हुतं. पर पलीकडं गडीमाणसं उभी हुती."

तिने माझ्या हातातला दोर घेतला. संध्याकाळची एसटी येईपर्यंत ती एकटीच काठावर उभी राहून दोर फेकत होती आणि रिकामा ओढून घेत होती.