मामांची रोड टेस्ट

भांडुप पश्चिमेला गेल्या तीस वर्षांत जेवढ्या म्हणून गाड्या विकत घेतल्या गेल्या, त्यांतल्या निम्म्या तरी माझ्या मामेसासऱ्यांना विचारून घेतल्या गेल्या, आणि ज्या न विचारता घेतल्या त्यांचं पुढे काही बरं झालं नाही, असं खुद्द मामांचंच मत आहे. स्वतः मामांनी कधी गाडी घेतली नाही. चालवलीही नाही. एकदा एका रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी रिक्षावाल्याला, त्याचा मागचा डावा शॉकअब्सॉर्बर गेल्याचं सांगितलं. त्याने आदराने मागे वळून विचारलं, "अंकल, आपकी कौनसी गाडी है?" मामा म्हणाले, "एक भी नहीं. इसीलिए मैं किसी की साइड नहीं लेता."

मामांची सगळी विद्या एका मासिकातली. गाड्यांना वाहिलेलं, गुळगुळीत कागदाचं ते जाडजूड मासिक स्टेशनबाहेरचा पेपरवाला त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवायचा. मामा ते हात धुऊन उघडत. वाचायचीही शिस्त होती. पहिला आठवडा फक्त फोटो. दुसरा आठवडा वाचकांची पत्रं. तिसऱ्या आठवड्यात रोड टेस्ट, म्हणजे नव्या गाडीची सविस्तर परीक्षा आणि शेवटी तिला मिळालेले स्टार. संपादकांचं पान मुद्दाम चौथ्या आठवड्यासाठी राखलेलं, कारण 'मोठ्या माणसाने शेवटी बोलावं'. महिनाभर पुरवून पुरवून वाचलेला अंक मग दिवाणाच्या पोटात जाई. दिवाण भरला, तेव्हा कपाट रिकामं झालं आणि मामींच्या साड्या सुटकेसमध्ये घालून माळ्यावर गेल्या. मामी मूळच्या मालवणच्या. कुणी पाहुण्याने "तुमची गाडी कुठे लावता?" असं विचारलं, की त्या आतूनच ओरडत, "गाडी खंय आसा? कागदावर आसा!"

कोकणात कुठलंही मोठं काम करायच्या आधी देवाला कौल लावतात, तसा आमच्या सगळ्या नातेवाइकांत आणि मामांच्या सोसायटीत गाडी बुक करायच्या आधी मामांचा कौल घ्यायची पद्धत होती. माणूस अर्धा किलो पेढे घेऊन यायचा, मामा दिवाण उघडायचे, बरोबर तो अंक काढायचे आणि चष्मा पुसून निकाल वाचून दाखवायचे. शेजारच्या विंगमधल्या एका बँकवाल्यांना त्यांनी अशीच पाच स्टारवाली गाडी घ्यायला लावली. गाडी आली, पार्किंगमध्ये शिरली आणि तिचा मागचा हातभर भाग गेटबाहेर राहिला. लांबी अंकात छापलेली होती; जागा मात्र कुणीच मोजली नव्हती. गेट लागेना, वॉचमन वैतागला, सेक्रेटरी वर आले. मामांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि म्हणाले, "गाडी बरोबर आहे. सोसायटी आखूड आहे."

पण पुढे मासिकच आखूड व्हायला लागलं. पूर्वी अंक हातातून निसटला तर पायाला लागायचा, आता पंखा लावला की पानं फडफडायची. जाहिराती गेल्या, मग पत्रं गेली, मग दोन महिन्यांचा मिळून एक अंक यायला लागला. पेपरवाल्याच्या स्टॉलवर मोबाईलची कव्हरं लटकली आणि त्यांच्यामागे पेपर शोधावे लागू लागले. आणि एके दिवशी मासिक बंद पडलं. संपादकांनी वाचकांचा निरोप घेतला तो अर्थातच त्यांच्या पानावर, आणि मामा त्या वेळी फोटोंवर होते! अख्ख्या देशाला कळून तीन आठवडे उलटल्यावर मामांना बातमी लागली. तरी त्यांचा विश्वास बसेना. पुढचे दोन महिने ते मुलुंड, कांजूरमार्ग, घाटकोपर असे स्टॉल पालथे घालत होते. "आपल्याकडे पोचला नसेल, मुलुंडला आला असेल," म्हणायचे.

सोसायटीतल्या पोरांनी त्यांना मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ दाखवले. मामांनी एक पूर्ण बघितला आणि विचारलं, "हा गाडीबद्दल बोलतोय, की गाडीवर ओरडतोय?" पोरं हसली. पण गाड्या आता ते व्हिडिओ बघूनच घेतल्या जाऊ लागल्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी तर नवी गाडी सरळ दारात आणून उभी केली आणि मग पेढे घेऊन वर आले. मी तिथेच होतो. मामा म्हणाले, "रंग छान आहे." पेढा हातात घेतला आणि तसाच बशीत ठेवून दिला. मला फार वाईट वाटलं. दिवाण अंकांनी गच्च भरलेला होता, पण मामांना आता कुणी काही विचारत नव्हतं.

त्यातच आमची गाडी घ्यायची वेळ आली. मी गुपचूप तीन व्हिडिओ बघून मॉडेल ठरवलंही होतं. बायकोने बजावलं, "मामाला विचारल्याशिवाय बुकिंग करशील तर बघ." मी पेढे घेऊन गेलो. मामांनी मॉडेलचं नाव ऐकलं आणि मान हलवली. "नाही जावईबापू. ही गाडी आली तेव्हा अंक बंद झाला होता. हिची टेस्ट माझ्याकडे नाही. उगाच तोंडाला येईल ते सांगायला मी काय मोबाईल आहे?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मग तुम्हीच करा ना टेस्ट."

तिसऱ्या दिवशी सकाळी मामांचा फोन आला, "शोरूम किती वाजता उघडते?"

मुलुंडच्या त्या शोरूममधला सेल्समन मामांना जन्मात विसरणार नाही. मामा इस्त्रीचा शर्ट घालून, मोजपट्टी, वही, मामी आणि मामींची साड्यांची सुटकेस घेऊन आले. सुटकेस डिकीत आडवी, उभी, तिरकी घालून पाहिली. मामींना मागच्या सीटवर बसवून गुडघ्यांपुढची जागा मोजली. गाडी मी चालवत होतो, पण खड्डे मामा निवडत होते. "तो मोठा राहिला. परत घ्या." खड्डा झाला की मागे वळून विचारायचे, "काय वाटलं?"

"बरी आसा."

"बरी म्हणजे किती स्टार?"

"माका चाय मिळाली नाय अजून," मामी म्हणाल्या. मामांनी तेही लिहून घेतलं.

आठ दिवसांनी त्यांनी मला घरी बोलावलं आणि फुलस्केप कागदांचा एक गठ्ठा हातात दिला. पट्टीने आखलेले दोन-दोन रकाने, टपोरं अक्षर, एकही खाडाखोड नाही. मध्ये मध्ये रिकाम्या चौकटी, आणि त्यांखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, 'छायाचित्र: गाडी वळणावर.' भाषा सगळी 'आम्हांस असे आढळले' अशी. 'मागील आसनावरील ज्येष्ठ परीक्षकांनी चहाअभावी मत राखून ठेवले आहे,' अशी प्रामाणिक नोंदही होती. साडेतीन स्टार! व्हिडिओतल्या तिघांपैकी एकालाही न सापडलेल्या दोन खोडी मामांना सापडल्या होत्या. आम्ही गाडी घेतली ती त्या खोडींसकट, माहीत असून. शांतपणे गाडी घेणारा आमच्या ऑफिसात मी पहिलाच असेन.

मी वाचत होतो तोवर मामा समोर बसून माझा चेहरा बघत होते. निघताना जिन्यापर्यंत सोडायला आले. जरा घुटमळले आणि म्हणाले, "तुमच्या ऑफिसात पुढच्या महिन्यात कुणी गाडी घेतंय का हो?"

"आहेत ना दोन-तीन जण," मी धडधडीत खोटं बोललो.

तेव्हापासून मी ऑफिसात भेटेल त्याच्या मागे लागलोय. कुणाला पार्किंग नाही, कुणाच्या घरासमोरच मेट्रो आली आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मामांचा फोन येतो. मी म्हणतो, "बघतोय, मामा. एक जण जवळजवळ तयार आहे."

"घाई नाही," मामा म्हणतात. "मी कागद आखून ठेवलेत."